फावल्या वेळातला कंदील

नवरात्र संपलं, की महिलांच्या पानांवर एक वाक्य हमखास छापून येतं. ‘फावल्या वेळात घरच्या घरी करा सुंदर आकाशकंदील!’ खाली साहित्य, कृती आणि हसऱ्या बाईचा फोटो. मैत्रिणींनो, त्या कृतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती बहुतेक वेळा बरोबरच असते. मला बोलायचं आहे ते त्या ‘फावल्या वेळा’बद्दल. पण आधी कंदील करू या, मग भांडू.

कार्तिकात उंच बांबूवर दिवा टांगायचा, ही आकाशदीपाची रीत आपल्याकडे जुनी. त्याला कागदाचं घर मिळालं आणि त्याचा कंदील झाला. ‘कंदील’ हा शब्द मुळात अरबी, पण आता इतका मराठी झालाय, की वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तो दारात नसेल तर घर ओकंबोकं वाटतं. गंमत म्हणजे पूर्वी कंदील करणं हे बायकांचं काम नव्हतंच. चाळीत, वाड्यात ते पोरांचं आणि बापमंडळींचं काम. बायका फराळाच्या घाण्यात अडकलेल्या, आणि बाहेर ओट्यावर पुरुषमाणसं कामट्या तासत बसलेली. ते ‘हस्तकला’ कधी झालं आणि आपल्या पदरात कधी पडलं, कुणास ठाऊक. चकल्या होत्याच, त्यात कंदीलही आला!

असो. मी सांगते तो कंदील जुन्या घडणीचा. त्याला लागतात २४ कामट्या, प्रत्येकी ८ इंच लांब. अगरबत्तीच्या काडीपेक्षा जाड आणि पेन्सिलीपेक्षा बारीक. तुमच्या गावात बुरुडाचं दुकान असेल तर तुम्ही नशीबवान. आठवडी बाजारात सुपं-टोपल्या विकणाऱ्या बाईला सांगून ठेवा, ती मोजून तासून देते. शहरात हे आता अवघड झालंय. शिवाय १२ इंचांच्या दोन लांब कामट्या वेगळ्या घ्या, त्यांचं काम पुढे आहे.

चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. दोरा सुती घ्या, पुडी बांधायचा असतो तसा. नायलॉनची गाठ सुटते. आता एक चौकोन जमिनीवर सपाट ठेवा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन टोकावर उभे करायचे, शंकरपाळ्यासारखे. शेजारच्या दोन शंकरपाळ्यांची बाजूची टोकं आपोआप एकमेकांना टेकतात, तिथे गाठ मारा. वर चार टोकं उरतात, त्यांच्यावर सहावा चौकोन झाकणासारखा बसवा. सगळ्या मिळून बारा गाठी. सहा चौकोन आपण केले, पण मोजून बघा, मध्ये आठ त्रिकोण न करताच तयार झालेले असतात. शाळेतल्या भूमितीच्या बाईंनी हे करून दाखवलं असतं तर मला भूमिती आवडली असती.

हा सांगाडा सुरुवातीला डुगडुगतो. हातात धरला तर एका अंगाला कलतो. घाबरू नका. चौकोन हा मुळात ढिलाच असतो, त्रिकोण ताठ असतो. म्हणून वरच्या आणि खालच्या चौकोनात ती लांब कामटी तिरकी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बांधायची. निम्मं डुगडुगणं तिथेच थांबतं, आणि वरच्या कामटीला होल्डर टांगायची सोय होते. उरलेला ताठपणा कागद देतो. आठ इंचांच्या कामटीचा कंदील साधारण सव्वाअकरा इंच उंच आणि सोळा इंच रुंद होतो. दार अरुंद असेल तर सहा इंचांच्या कामट्या घ्या.

कागद पतंगाचा. चार उभे चौकोन एका रंगाचे, आठ त्रिकोण दुसऱ्या. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा सोडायचा, वारा खेळायला आणि हात घालायला. जिलेटिन म्हणून दुकानात जो चकचकीत कागद मिळतो, तो हल्ली पुष्कळदा निव्वळ प्लॅस्टिक असतो, खळीने चिकटत नाही. थर्माकोलचं नावच नको. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आणली, तेव्हापासून कागद, कापड आणि बांबू यांना पुन्हा थोडे बरे दिवस आले आहेत.

खळ करायची ती दोन चमचे मैदा आणि कपभर गार पाणी, गुठळ्या मोडून मग मंद आचेवर. पारदर्शक दिसायला लागली, की उतरवा. जुन्या लोकांच्या कृतीत चिमूटभर मोरचूद असतो, कीड आणि झुरळं लागू नयेत म्हणून. मोरचूद विषारी आहे. घरात रांगतं-चालतं मूल असेल तर तो आणूच नका. खळ थोडी करा आणि दोन दिवसांत संपवा. कागद कापताना चहूबाजूंनी इंचभर जास्त ठेवा, कामटीवरून आत दुमडायला. परतीचा पाऊस चालू असेल तर हवा दमट असते, कागद सैल पडल्यासारखा वाटतो. वाळला, की ताणला जातो.

मग शेपट्या. खालच्या चार कोपऱ्यांना लांब, मधल्या चार टोकांना आखूड. आणि हौस असेल तर करंज्या. चौकोनी कागदाचे समोरासमोरचे दोन कोपरे एकमेकांवर चिकटवले, की मध्ये फुगीर पोट राहतं, तीच करंजी. त्या ओळीने लावल्या, की कंदील भरगच्च दिसतो. या करंज्यांची आठवण ठेवा, आपण परत त्यांच्याकडे येणार आहोत.

दिव्याबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. आमच्या लहानपणी कंदिलात ६० वॅटचा बल्ब असायचा. हा बल्ब विजेचा मोठा भाग उजेडात नाही, उष्णतेत घालवतो. कागद करपायचा, कधी पेटायचाही. तेवढाच उजेड आज ९ वॅटचा एलईडी देतो आणि कागदाला धक्का लागत नाही. रोज सहा तास, पंधरा दिवस लावला तर त्याला एक युनिटही लागत नाही. जुन्या बल्बला साडेपाच युनिटं लागली असती. घेताना पिवळसर उजेडाचा घ्या. पांढऱ्याफटक उजेडात लाल कागद मेल्यासारखा दिसतो. वायरला मधेच जोड नको, असलाच तर तो उघड्यावर, पावसात नको. आणि खिडकीच्या लोखंडी ग्रिलला वायर गुंडाळायची सवय सोडा. नाताळच्या ताऱ्यालाही हेच सगळं लागू, फक्त चौकोनांऐवजी पाच टोकांच्या दोन चांदण्या करून त्या टोकांना बांधायच्या आणि मध्ये आखूड कामट्यांचा टेकू द्यायचा.

झाला कंदील. आता घड्याळ बघू.

गेल्या वर्षी मी हा कंदील केला तेव्हा वेळ लिहून ठेवला. हिशेबाची वहीच घेऊन बसले होते म्हणा ना. सांगाड्याला सव्वा तास, कागदाला दीड तास, शेपट्या-करंज्यांना पाऊण तास, वायर-होल्डरला दहा मिनिटं. एकूण तीन तास चाळीस मिनिटं. सामान ७० रुपयांचं, बल्ब आणि होल्डर सोडून. पण खरी गंमत पुढे आहे. हे तीन तास चाळीस मिनिटं तीन दिवसांत पसरले होते. मध्ये पाणी आलं, दूध उतू गेलं, कुरिअर आलं, सासूबाईंची औषधाची वेळ झाली. सलग चाळीस मिनिटं मला एकदाच मिळाली, तीही लेक क्लासला आणि सगळे बाहेर असताना.

याला आपण फावला वेळ म्हणतो. फावला म्हणजे रिकामा, काही करायचं नसलेला. बाईच्या दिवसात असा वेळ कुठे असतो, मला दाखवा. असतात ते तुकडे, दोन कामांच्या मधल्या फटी. त्या फटीत आपण कंदील करतो, स्वेटर विणतो, पापड लाटतो, आणि मग त्याला किंमत नाही असं धरून चालतो, कारण तो ‘फावल्या वेळात’ केलेला असतो. घरात हे धरून चालणं खपून जातं. तुम्ही तुमच्या दारासाठी केलात, तुमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, वसूल झालं. पण हाच शब्द घराबाहेर पडला, की काय करतो ते मी राहते तिथे रोज बघते.

मी राहते मानखुर्दला. हार्बर मार्गावरून खाडीपूल ओलांडून वाशीला जायच्या आधीचं मुंबईचं हे शेवटचं स्टेशन. एका बाजूला अणुशक्तीनगरची झाडं, दुसऱ्या बाजूला मंडाळ्याची भंगाराची गोदामं, आणि जवळच देवनारचं डम्पिंग. रेल्वेचे रूळ आणि रस्ते रुंद करायला मुंबईतल्या रुळांकडेची, रस्त्याकडेची हजारो कुटुंबं हलवली, त्यांतल्या पुष्कळांना २००० नंतरच्या काही वर्षांत इथे लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत घरं मिळाली. घर २२५ चौरस फुटांचं. नळ आत, संडास आत, पक्क्या भिंती, हे सगळं खरं आणि मोलाचं. पण आधी ज्या बायका जवळच्या इमारतींत धुणीभांडी करत होत्या, त्यांची कामं दूर राहिली. लोकलने जाऊन पोळ्या करून यायचं, तर मुलांना कोण बघणार? मग काम घरात आलं.

कामही कसं, सणांच्या मागोमाग येणारं. श्रावणाआधी राख्या. भाद्रपदात मखराची फुलं. दसऱ्याआधीपासून कंदील, तोरणं. मग नाताळचे तारे. मधल्या दिवसांत इमिटेशनचे दागिने ओवायचे. माल देणारा माणूस गोण्या टाकून जातो, आठवड्याने उचलतो. हिंदू घरात तोच माल, मुसलमान घरातही तोच. दिवाळीच्या कंदिलाच्या करंज्या आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका आपाच्या हाताला सगळ्यांत सफाईदार येतात, असं सगळ्या बायका सांगतात.

त्या आपांकडे मी एका दुपारी बसले होते. खोलीत पलंग, त्यावर धाकटं पोर झोपलेलं, आणि पलंगाखालून दारापर्यंत नुसते कंदील. पुठ्ठ्याचा सांगाडा कारखान्यातून कापून आलेला. त्याला कागद लावायचा, करंज्या चिकटवायच्या, शेपट्या बांधायच्या, घडी घालून डझनाचा गठ्ठा करायचा. डझनाला ३६ रुपये. म्हणजे एका कंदिलामागे ३. मी घड्याळ लावलं. आपांचा हात माझ्यासारखा अडखळत नाही, तरी डझन पुरा व्हायला बरोबर तीन तास लागले. तासाला १२ रुपये. गोंद माल देणाऱ्याचा, पण कात्री, वीज आणि खोली आपांची. पावसाने एखादा गठ्ठा ओला झाला तर तोही आपांचा. तसाच कंदील मी दादरच्या पदपथावर १५० ला बघितला.

मधल्या सगळ्यांनी लूट केली, असं मी म्हणत नाही. कागद आहे, पुठ्ठा आहे, टेम्पो आहे, विकणाऱ्याचे दिवसभर उन्हात उभे पाय आहेत, न विकलेल्या मालाचं नुकसान आहे. पण दीडशेतल्या तीन रुपयांत आपांचा हात मावतो का? ‘एवढे कमी कसे घेता?’ असं विचारल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “घर बैठे मिलता है ना, बाजी. फुरसत में हो जाता है.” म्हणजे तोच शब्द. माल देणाराही हाच शब्द वापरतो. ‘घरात बसून तर करायचंय, फावल्या वेळात.’ शब्द तोच आहे, जो कंदिलाच्या कृतीवर ठळक अक्षरांत छापतात. म्हणून माझं त्याच्याशी भांडण.

‘टाकाऊतून टिकाऊ’चंही तसंच. पाण्याच्या बाटलीचा कंदील, लग्नपत्रिकांचा कंदील, जुन्या सीडींचं तोरण. कल्पना छान असतात, मीही करते. पण मानखुर्दमध्ये बाटलीला कुणी टाकाऊ म्हणत नाही. तिला किलोवर भाव आहे, पत्रिकेला आहे, पुठ्ठ्याला आहे. कचऱ्यातून ते वेचून, निवडून आणणाऱ्या बायका आहेत आणि त्यांचा दिवस त्या वजनावर ठरतो. ज्यांच्या घरी वस्तू टाकता येतात, त्यांनाच त्या टिकाऊ करायची हौस परवडते, एवढं लक्षात असलं म्हणजे झालं.

यावर कायदा काही म्हणतो की नाही? म्हणतो, पण हळू आवाजात. घरात बसून दुसऱ्यासाठी माल करणाऱ्या बाईला कामगारच म्हणायचं, तिला इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक द्यायची, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये केला. त्यासाठी जोर लावणाऱ्यांत आपल्या देशातली ‘सेवा’ ही संघटना होती, इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला उभी केलेली. आपल्या देशाने मात्र त्या करारावर मंजुरीची मोहोर उठवलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात घरातून काम करणारा कामगार ही व्याख्या आली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रमची नोंदणी सुरू झाली. १६ ते ५९ वयाची, भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआयमध्ये नसलेली कुणीही बाई आधार कार्डावर फुकट नोंदणी करू शकते. जरूर करा. तिथे व्यवसाय विचारतात तेव्हा ‘गृहिणी’ सांगून मोकळ्या होऊ नका, काय काम करता ते सांगा. पण डझनाला ३६ चे ६० कुणी करायचे, हे त्या कार्डावर लिहिलेलं नसतं.

ते गेल्या वर्षी आमच्या इथल्या पाच जणींनी आपल्या परीने करून बघितलं. आपा त्यांतल्या एक. ठेकेदाराचा माल सोडायची हिंमत कुणाचीच नव्हती, आणि ती कुणी दाखवावी असंही मला वाटलं नाही. एकदा माल नाकारला, की पुढच्या हंगामात गोणी दुसऱ्या मजल्यावर जाते. म्हणून तो माल चालू ठेवून, वर, वेगळे चाळीस कंदील करायचे ठरले. पुठ्ठ्याचे नाहीत, वर सांगितले तसे कामटीचे. कामटीचा कंदील कारखान्यात सहज होत नाही, हा त्यांचा हिशेब. तो बरोबर होता. माहीमच्या कंदील गल्लीत आजही लोक मुद्दाम हाताने केलेला कंदील शोधत जातात, पालघरच्या आदिवासी बायकांचे बांबूचे कंदील मुंबईत विकले जातात, ते याच कारणाने.

कामट्या, कागद एकदम आणल्यामुळे एका कंदिलाचा सामानाचा खर्च ५५ वर आला. चाळिसांचे २२०० रुपये, ते पाच जणींनी भिशीतून काढले. पहिल्या कंदिलाला प्रत्येकीला तीन-तीन तास लागले, पुढे हात बसला आणि सरासरी दोन तासांवर आली. काम त्यांनी वाटून घेतलं नाही, प्रत्येकीने आठ पुरे केले. मला वाटलं होतं, एकीने सांगाडे, एकीने कागद असं केलं तर लवकर होईल. झालंही असतं. पण आपा म्हणाल्या, रोज करंज्याच चिकटवते, एकदा अख्खा करू दे. यावर काय बोलणार?

विक्री स्टेशनबाहेर, धनत्रयोदशीच्या आदल्या दोन संध्याकाळी. भाव २०० लावला. पहिल्या संध्याकाळी बावीस गेले, सगळे पुऱ्या भावात. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस आला आणि घासाघीस सुरू झाली. मी तिथे उभी होते म्हणून सांगते, सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य होतं, “घरीच तर केलाय ना ताई? मग दोनशे कसे?” म्हणणाऱ्या बहुतेक बायकाच. चांगल्या घरच्या, हातात मिठाईची पिशवी, आणि आवाजात खरोखरचं आश्चर्य. कारखान्यातला महाग असतो ते कळतं, घरचा महाग कसा? नऊ कंदील १५० ला गेले. नऊ उरले. मग हातगाड्या हलवणारी गाडी आल्याची आवई उठली आणि सगळं आवरून त्या घरी आल्या.

हिशेब मी लिहून दिला, तो असा. विक्री ५७५० रुपये. सामान वजा जाता ३५५०. करण्याचे ८० तास, विकण्याचे आणि सामान आणायचे २०, म्हणजे शंभर तास. तासाला साडेपस्तीस रुपये. प्रत्येकीच्या हातात ७१०. दिवाळी मोठी झाली असं नाही, पण बाराचे साडेपस्तीस झाले. आणि हा आकडा कळल्यावर त्यांच्यातल्या सगळ्यांत गप्प असणाऱ्या वहिनींनी विचारलं, “मग बारावाल्याला काय म्हणायचं?” त्यांनी म्हटलंही. दिवाळीनंतर ताऱ्यांचा माल आला तेव्हा पाचही जणी एकत्र बोलल्या आणि डझनाला ३६ चे ४२ झाले. साठ मागितले होते.

तुमच्या गावात माझा हा हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही. तुमच्याकडे कामटी स्वस्त, अंगण मोठं, पण दोनशे देणारं गिऱ्हाईक कमी. मग भाव वेगळा धरा, पण धरा. बचत गटाच्या स्टॉलवर बायका वस्तूची किंमत कशी ठरवतात, हे मी पुष्कळ प्रदर्शनांत बघितलंय. सामानाचा खर्च अधिक वीस रुपये. ते वीस कुठून आले, विचारलं तर सांगता येत नाही. त्याऐवजी एकदा घड्याळ लावून एक नग करा. लागलेले तास लिहा. तुमच्या गावात शेतावर निंदणीला बाईला दिवसाला काय मजुरी मिळते, ते तुम्हाला माहीत असतंच. तिला आठाने भागा, तासाचा भाव निघाला. तासाला त्यापेक्षा कमी सुटत असेल तर ती वस्तू विकायची नाही, स्वतःच्या दाराला लावायची. जास्त सुटत असेल तर हा हिशेब पुठ्ठ्यावर लिहून स्टॉलवर ठेवा. सामान इतकं, तास इतके, तासाचे इतके. घासाघीस करणारी बाई तो वाचते आणि बरेचदा गप्प बसते. कारण तिलाही तिचे तास आठवतात.

आणि स्वतःच्या दारासाठी करणार असाल तर एकटीने करू नका. सहा चौकोन आहेत. दोन नवऱ्याला द्या, दोन मुलांना, गाठी सासऱ्यांकडून मारून घ्या, त्यांना जुनी गाठ येत असते. वाकडा झाला तरी दारात लटकल्यावर कुणाला कळत नाही, फिरतच असतो तो.

त्या नऊ उरलेल्या कंदिलांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. दोन पाच जणींच्याच मजल्यांवर लागले. एक आमच्याकडे आहे, दोनशे देऊन घेतलेला. सहांचे कागद काढून सांगाडे आपांच्या पलंगाखाली ठेवलेत, दोरा उसवला नाही. कामटी चांगली असली तर तीन-चार वर्षं सहज चालते, दर वर्षी फक्त कागद बदलायचा. यंदा या बायका साठ करणार आहेत, त्यामुळे चोपन्नच नवे बांधायचे आहेत. कामट्यांची ऑर्डर गेली, कागद शनिवारी आणायचा आहे.